टाकीला लावलेली पावडर

गॅरेजवाल्या काकांना सगळे ‘निदानकाका’ म्हणायचे. एक तर त्यांचं वाक्य ‘निदान’ या शब्दाशिवाय सुरूच होत नसे. ‘निदान बसा तरी’, ‘निदान चावी तरी ठेवून जा’, ‘निदान हॉर्न तरी वाजतोय ना?’ आणि दुसरं म्हणजे, गाडी दारात नीट उभी राहायच्या आत ते तिचं निदान करून मोकळे होत. ते बरोबर यायचंच असं काही नव्हतं, पण ते इतक्या ठामपणे सांगितलं जायचं की चुकलं तरी गाडीचंच काहीतरी चुकलं असणार असं मालकाला वाटायचं.

लहानपणी त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. शाळेतल्या प्रयोगशाळेत टेबलावरचा बेडूक, जो मेलेला असणं अपेक्षित होतं, तो उठून त्यांच्या खिशात बसला. त्या दिवसापासून आपण उडी न मारणाऱ्या गोष्टींचेच डॉक्टर व्हायचं असं त्यांनी ठरवलं आणि ते गाड्यांकडे वळले. गाडी उडी मारत नाही ही त्यांची समजूत पुढे एका हँडब्रेकने खोटी पाडली, पण तोवर दुकानावर पाटी लागली होती.

गॅरेज घराच्या तळमजल्यावर होतं. वरच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी खालच्या, गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर उघडायची, त्यामुळे काकूंना भाजी चिरता चिरता सगळ्या शस्त्रक्रिया दिसत. खिडकीला एक दोरी आणि तिच्या टोकाला टोपली बांधलेली होती. टोपलीतून चहा खाली यायचा, रिकामे कप वर जायचे आणि चहाबरोबर काकूंची मतंही खाली यायची. मतांना मात्र दोरी लागत नसे.

बोनेट उघडण्याआधी काका मालकाला खुर्चीवर बसवून गाडीच्या सवयी विचारत.

“सकाळी उठल्या उठल्या खोकते का?”

“थोडीशी.”

“चढावर धाप लागते? अलीकडे घरात काही भांडण?”

“गाडीच्या घरात?”

“तुमच्या हो! माणूस रागावलेला असला की क्लच जळतो.”

तर अशा या काकांकडे एका सकाळी इस्त्रीअण्णा आले.

इस्त्रीअण्णांची लाँड्री होती आणि ते स्वतःच तिची जाहिरात होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि घड्या अशा की हात लावला तर कापेल. अण्णा वाकत नसत, दुमडत. खुर्चीवर बसताना आधी एक घडी पडायची, मग दुसरी. बोलणं अगदी हळू आणि सभ्य. गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला त्यांच्याकडे एक जुनी डिझेल पिकअप होती. मागे लाकडी फळ्यांचा हौदा, त्यावर ताडपत्री.

“कपड्यांना वास येतोय,” अण्णा म्हणाले.

“कसला?”

अण्णांनी थोडा विचार केला. “राग मानू नका. तुमच्यासारखा.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. दातांच्या डॉक्टरांचे कोट अण्णांकडे धुवायला असत. खुर्चीत आ वासून पडलेल्या एका पेशंटने नाकाजवळ आलेल्या बाहीचा वास घेतला आणि विचारलं, “डॉक्टर, तुम्ही ट्रकपण चालवता का?” त्यानंतर तो दात काढायला आलाच नाही. शाळेच्या सभागृहाचे पडदे धुऊन परत गेले, तर प्रार्थनेच्या वेळी शेवटची रांग गाडीचा गिअर टाकल्यासारखे आवाज काढू लागली. मुख्याध्यापिकाबाईंनी अण्णांना बोलावून घेतलं आणि वर्गाबाहेर उभं करावं तसं कार्यालयाबाहेर उभं केलं.

“आणि हे बघा,” अण्णांनी पिशवीतून पुठ्ठा काढला. “घरी गाडी उभी असते ना, तिच्याखाली आमच्या हिने ठेवला होता. मागच्या चाकापाशी.”

पुठ्ठ्यावर मध्यभागी ताटलीएवढा डाग होता. काकांनी तो उजेडात धरला, उलटा केला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकांचं नाक इतकी वर्षं डिझेलमध्येच वावरल्यामुळे त्यांना डिझेलचा वास यायचा बंद झाला होता. किंवा सगळ्यालाच डिझेलचा यायचा, त्यामुळे फरक कळत नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

डोळे उघडून ते म्हणाले, “कुत्रा.”

“काय?”

“मागचं चाक ना? सरळ आहे. कुत्रा येतो, पाय वर करतो, जातो. गाडी ठणठणीत आहे.”

“पण वास डिझेलचा...”

“निदान मिरपूड तरी लावून बघा चाकाला.”

वरून टोपली सरसर खाली आली. “तो पुठ्ठा इकडे पाठवा,” खिडकीतून आवाज आला.

पुठ्ठा वर गेला. वरून हुंगल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, “अहो, हे डिझेल आहे! कुत्रा डिझेल पितो का?”

“रस्त्यावरचा असेल तर काय सांगता येतं,” काका पुटपुटले.

अण्णा सभ्य माणूस. तज्ज्ञाने सांगितलं ते करायचं, म्हणून त्यांनी घरी जाऊन चाकाला मिरपूड लावली. गल्लीतला कुत्रा आला, त्याने हुंगलं, शिंकला आणि अण्णांकडे अशा नजरेने बघून निघून गेला की अण्णांना दिवसभर अपराधी वाटत राहिलं. डाग पडायचा तो पडलाच. शिवाय मिरपूड उडून हौद्यात गेली आणि आता दातांच्या डॉक्टरांचे पेशंट तोंडात सुई असताना शिंकू लागले.

अण्णा परत आले. या वेळी काकांनी गाडी जॅकवर चढवली आणि स्वतः खड्ड्यात उतरले. टाकीचा तळ पाहिला. कोरडा. तळाचा बूच, ज्यातून टाकी रिकामी करतात, तोही कोरडा. इंजिनाकडे जाणारी नळी, तिचे क्लॅम्प, फिल्टर, सगळं कोरडंठाक. काकांनी तरीही आवळता येण्यासारखं जे जे होतं ते आवळलं. बूच आवळला, क्लॅम्प आवळले, नंबरप्लेटचे स्क्रू आवळले. हात शिवशिवत होते म्हणून दाराचा आरसाही आवळला, तर तो काही पुन्हा हलेना आणि पुढे कित्येक दिवस अण्णांना मागचा रस्ता न दिसता स्वतःचीच मिशी दिसत राहिली.

खाली वर्तमानपत्र अंथरून गाडी दिवसभर तिथेच ठेवली. संध्याकाळी काकांनी वर्तमानपत्र काढलं. एक थेंब नाही. त्यांनी ते वरून खालपर्यंत वाचूनही काढलं, त्यातही काही नव्हतं.

“बरी झाली,” काकांनी जाहीर केलं.

अण्णा गाडी घेऊन गेले. दोन दिवसांनी पुन्हा दारात.

“घरी परत गळली.”

काका खुर्चीवर बसले, उठले, गाडीला एक फेरी मारली. “इथे गळत नाही. तुमच्या घरी गळते. म्हणजे दोष गाडीत नाही.”

“मग?”

“तिला तुमचं घर मानवत नाही.”

अण्णांची पाठ अजून ताठ झाली, जे मुळात शक्य नव्हतं. “आमच्या घरी सगळ्यांचं व्यवस्थित चाललंय,” ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं ते बहुधा सर्वांत कडक वाक्य असावं. ते बोलून त्यांना लगेच वाईट वाटलं आणि त्यांनी काकांचा शर्ट फुकट धुऊन द्यायची तयारी दाखवली.

काकू वरून म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही मनावर घेऊ नका. आमची मुलगी लहानपणी जेवत नव्हती तेव्हा हे म्हणाले होते, हिचा फिल्टर बदला.”

रात्रभर काका या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. सकाळी दात घासताना त्यांना पावडर आठवली.

ही युक्ती खरी आहे, आणि बरेच मिस्त्री ती करतात, पण काका शपथेवर सांगत की ती त्यांचीच. टाकी स्वच्छ धुवायची, पुसून कोरडी करायची आणि तिच्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडायची. मग बघत बसायचं. डिझेल जिथून पाझरेल तिथे पांढऱ्यावर काळपट ओली रेघ उमटते. थेंब कुठे का पडेना, रेघ बरोबर उगमापाशी घेऊन जाते.

“अगं, पावडर आहे का?”

“कशाला?”

“लावायची आहे.”

काकू हरखल्या. इतक्या वर्षांत काकांनी पहिल्यांदाच पावडर मागितली होती. त्यांनी बहिणीने दिलेला गुलाबाच्या वासाचा नवाकोरा डबा टोपलीत घालून खाली सोडला आणि उत्सुकतेने खिडकीतून वाकून पाहिलं. डबा घेऊन नवरा सरळ पिकअपखाली शिरला. काकूंचा चेहरा तेव्हा जो पडला तो जेवणापर्यंत तसाच होता.

काका उताणे झोपून टाकीवर पावडर उडवू लागले. पावडर वर जायची, टाकी तिच्यातली थोडी ठेवून घ्यायची आणि उरलेली त्यांच्या तोंडावर परत पाठवायची. डोळ्यांत गेली, मिशीत गेली. ते खोकायला लागले.

अण्णा शेजारीच उभे होते. एका भल्या माणसाला गुदमरताना पाहून त्यांना राहवेना. त्यांनी कोपऱ्यातला मोठा पंखा गाडीकडे वळवला आणि बटण दाबलं.

पुढचे काही क्षण कुणालाच काही दिसलं नाही. गॅरेजमध्ये गुलाबाचं धुकं पसरलं. ते खाली बसलं तेव्हा टायर पांढरे होते, पाने पांढरे होते, भिंतीवरचं घड्याळ पांढरं होतं. काका गाडीखालून निघाले ते पिठाच्या गोणीतून पडल्यासारखे. अण्णा मुळातच पांढरे असल्यामुळे ते कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेना.

“अण्णा?” काकांनी हाक मारली.

“इथेच आहे,” भिंत म्हणाली.

वरून काकूंनी शांतपणे सांगितलं, “आता तिला झबलं घाला आणि झोपवा.”

काका पुन्हा खाली वाकले, हातात बॅटरी घेऊन. निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखे ते टाकीकडे टक लावून बसले. चहा आला, गार झाला. जेवणाची वेळ टळली. टाकी दुधासारखी शुभ्र राहिली. एक रेघ नाही, एक ठिपका नाही. अण्णा गुलाबाचा वास दरवळवत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला की परवाच्या टेबलक्लॉथला आता बागेतून गेलेल्या ट्रकसारखा वास येतोय, थोडी सुधारणा आहे.

त्या निरोपाने काका पेटून उठले.

“पेशंट दवाखान्यात आला की बरा होतो. मग पेशंटच्या घरी जायचं,” त्यांनी ठरवलं. “अण्णा, उद्या मी गाडीबरोबर येतो. दिवसभर. ती जाईल तिथे मी.”

“पुढे बसा ना माझ्याशेजारी.”

“पुढून टाकी दिसते का?”

सकाळी त्यांनी हौद्याच्या तळाची, टाकीच्या बरोबर वरची एक फळी काढली. त्या फटीतून टाकीची वरची बाजू दिसत होती. तिच्यावर उरलेली पावडर ओतली. मग हौद्यातल्या कपड्यांच्या गाठोड्यांवर पालथे पडून, बॅटरी हातात धरून, नाक फटीत घालून ते म्हणाले, “चला.”

अण्णांनी ताडपत्री ओढली आणि गाडी सुरू केली.

आता कल्पना करा. खाली धुतलेल्या चादरींचा मऊ ढीग, वरून ताडपत्रीची सावली, गाडीचे हेलकावे आणि आदल्या दिवसांची अपुरी झोप. पहिला चौक यायच्या आत काका घोरत होते. अण्णांनी एकेका घरी कपडे पोचवले. मागचं एकेक गाठोडं सभ्यपणे काकांच्या अंगाखालून ओढून घेतलं, पण त्यांना उठवलं नाही. दमलेत बिचारे, झोपू द्या.

शाळेपाशी मात्र घोटाळा झाला. अण्णा पावती घेऊन कार्यालयात गेले, आणि पडद्यांची घाई असलेल्या मुख्याध्यापिकाबाई दुसऱ्या दाराने थेट गाडीपाशी आल्या. त्यांनी स्वतःच ताडपत्री उचलली आणि पडदा ओढला. पडद्याबरोबर एक पांढराफटक चेहरा बाहेर आला आणि त्याने डोळे उघडले.

बाईंची किंकाळी ऐकून सगळ्या वर्गांच्या खिडक्या मुलांनी भरल्या.

“निदान ओरडू तरी नका,” चेहरा म्हणाला.

बाईंनी हातातली छत्री दोनदा चालवली. पहिला फटका पडद्याला बसला, दुसरा काकांना.

“कोण आहात तुम्ही? इथे काय करताय?”

“मी गळती शोधतोय!”

“कुणाची?”

तेवढ्यात अण्णा धावत आले, म्हणजे जेवढं न चुरगळता धावता येतं तेवढं, आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, काकांकडे पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “तोंड धुऊन या आधी.” काका मुकाट्याने मुलांच्या नळावर जाऊन तोंड धुऊन आले. खिडक्यांमधून टाळ्या पडल्या.

आता हौदा निम्मा रिकामा होता. काका पुरते जागे होऊन पुन्हा पालथे पडले. घरी जायच्या आधी अण्णांनी गाडी पंपावर घेतली.

“फुल्ल करा,” काकांनी आतून ऐकलं.

ताडपत्री बाजूला झाली आणि काकांचं डोकं वर आलं. “अण्णा, फुल्ल?”

अण्णा खिडकीत गोठले. कान लाल झाले. पांढऱ्या शर्टावर ते फारच उठून दिसत होते.

“म्हणजे... आज जरा...”

“पण माझ्याकडे येते तेव्हा काटा नेहमी तळाला टेकलेला असतो! मला वाटायचं तुम्ही बेताबेतानेच भरता.”

“छे हो,” नळी धरून उभा असलेला पंपवाला आपुलकीने म्हणाला. “हे नेहमी गळ्यापर्यंतच भरतात. फक्त गॅरेजला न्यायची असली की भरत नाहीत. उलट डबे भरून काढून ठेवतात. म्हणतात, तिथे आटतं.”

पंपवाल्याने नळी काढून टाकीचं झाकण लावलं.

काकांनी डोकं हळूच आत घेतलं आणि ताडपत्री स्वतःच ओढून घेतली. मन दुखावलं होतं. आयुष्यात त्यांनी पुष्कळ गाड्या बिघडवल्या होत्या, पण डिझेल कुणाचं चोरलं नव्हतं. अंधारात पडल्या पडल्या ते स्वतःशी म्हणाले, आटतं म्हणे! अण्णासारखा माणूस! मी खड्ड्यात उतरलो, पावडर खाल्ली, छत्री खाल्ली...

आणि मध्येच त्यांचं डोकं थांबलं. टाकी माझ्याकडे नेहमी रिकामी येते. घरी नेहमी भरलेली असते. म्हणजे भोक तळाला नाहीच. भोक वर आहे. डिझेल तिथवर पोचल्याशिवाय ते गळणार कसं?

राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी बॅटरी पेटवली आणि नाक फटीत घातलं.

अण्णांचं घर चढावर होतं. गाडी चढाला लागली, तिचं तोंड वर झालं, शेपूट खाली गेलं आणि भरलेल्या टाकीतलं सगळं डिझेल मागच्या बाजूला धावलं. टाकीच्या पाठीवर, मागच्या टोकाला एक गोल झाकण होतं. डिझेल भरताना गाडीतला जो काटा हलतो त्याचा फ्लोट, म्हणजे टाकीत तरंगणारा तुकडा, त्या झाकणाला आतून लटकलेला असतो. त्या झाकणाच्या कडेला पांढऱ्या पावडरीत एक काळा ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली. रेघ टाकीवरून उतरून चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पट्टीवर गेली आणि पट्टीवरून पार मागच्या चाकापर्यंत चालत गेली.

“आली!” काका ओरडले. “आली, आली! अण्णा, आली!”

ते दोन्ही हातांनी फळ्या बडवू लागले. काकांच्या पोटात कळ आली असं वाटून अण्णांनी ऐन चढावरच करकचून ब्रेक मारला. उरलेली गाठोडी काकांवर कोसळली. शेजारपाजारचे धावले. ताडपत्री उघडली तेव्हा चादरींच्या ढिगातून फक्त एक हात बाहेर आला होता आणि तो हात खाली फटीकडे बोट दाखवत होता.

गडबड ऐकून अण्णांची बायको बाहेर आली. ही बाई ठेंगणी, बोलण्यात फटकळ, आणि अण्णांच्या कपड्यांवर सुरकुती दिसली तर जाब विचारणारी. काकांना बाहेर काढून पायरीवर बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर काकांना मघाचा अपमान आठवला.

“वहिनी, तुम्हाला खरंच वाटलं मी डिझेल काढून घेतो?”

अण्णा नजर टाळून कुंपणाकडे बघू लागले.

“तुम्हीच असं नाही,” वहिनी म्हणाल्या. “सगळेच मेकॅनिक काढतात.”

“अहो, पण माझ्याकडे गाडीच नाही! मी सायकलवर फिरतो!”

वहिनींनी क्षणभर विचार केला. “मग विकत असाल.”

“वहिनी, तुम्ही निदान एकदा जरी भरलेली टाकी पाठवली असती, तर मी पहिल्याच दिवशी...”

“पहिल्या दिवशी तुम्ही कुत्रा म्हणालात,” वहिनी म्हणाल्या.

काकांनी आणखी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये आली, आणि बरोबर वहिनीही आल्या. टाकी उतरवायची म्हणजे आधी रिकामी करायला हवी. डिझेल डब्यांत काढलं आणि वहिनी त्यातल्या सर्वांत मोठ्या डब्यावर बसल्या. बाकीचे पायाशी ओढून घेतले. काकांनी पट्टे सोडले, टाकी हळूच खाली घेतली, फ्लोटच्या झाकणाचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

झाकणाखाली डिझेल अडवायला एक रबरी गोल चकती असते, तिला पॅकिंग म्हणतात. ती इथेही होती. पण ती गुलाबी होती. डिझेल पिऊन पिऊन ती लाडूसारखी फुगली होती, मऊ पडली होती आणि एका बाजूने जागेवरून सरकून बाहेर डोकावत होती.

काकांनी ती बघितली मात्र, झटकन मुठीत लपवली.

“काय हो ते हातात?” वरून आवाज आला.

“काही नाही, पॅकिंग आहे.”

“दाखवा बरं.”

“घाण आहे गं.”

टोपली खाली आली. काकांच्या नाकासमोर येऊन ती गोल गोल फिरत राहिली. अण्णा बघत होते, वहिनी डब्यावरून बघत होत्या. काकांनी सुस्कारा सोडून पॅकिंग टोपलीत टाकलं. टोपली वर गेली.

“अहो! ही माझी शेकायची पिशवी!”

मग सगळं कबूल करावंच लागलं. उन्हाळ्यात अण्णांच्या गाडीचा काटा अडकला होता. काकांनी झाकण उघडून तो दुरुस्त केला. जुनं पॅकिंग तुटलं आणि नवं आणायला गेले तर दुकान बंद. अण्णांना घाई होती. आणि वरच्या खोलीत खुंटीला काकूंची गरम पाण्याने शेकायची गुलाबी पिशवी लटकत होती, रबर छान जाड होतं, आणि काकूंची कंबर तेव्हा दुखत नव्हती.

“तेव्हा दुखत नव्हती,” काकू खिडकीतून म्हणाल्या, “कारण मी माहेरी होते! आल्यापासून शोधतेय! शेजारणीवर संशय घेतला मी!”

“रबर डिझेलमध्ये फुगतं,” काका जमिनीकडे बघत बोलले. “मला ते माहीत होतं. पण वाटलं, गुलाबी आहे, नाही फुगणार.”

अण्णांनी घसा साफ केला. मग उगाच बाहीची घडी नीट केली.

वहिनी मात्र डब्यावरून उठल्या. “म्हणजे तुम्ही डिझेल काढत नव्हता,” त्या हिशेब लावल्यासारख्या म्हणाल्या, “सांडत होता.”

खिडकीतून पहिलं हसू आलं. काकूंना ते आवरेना, त्या खिडकीच्या चौकटीला धरून हसू लागल्या. मग वहिनी हसल्या, तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. काका आधी गंभीर राहायला बघत होते. पण अण्णा म्हणजे कुणी हसताना कधी न पाहिलेला माणूस, तो हसता हसता पोटावर हात ठेवून मधोमध चुरगळला, आणि ते पाहून काकाही फुटले. “काय फजिती!” असं म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि काळे हात तोंडभर फासून घेतले.

“वहिनी, वर या,” काकूंनी हाक मारली. “ह्यांचं चालू द्या.”

“हे डबे?”

“राहू देत तिथेच.”

वहिनींनी डब्यांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि जिना चढून वर गेल्या. थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून नवऱ्यांविषयी अशा काही गोष्टी ऐकू येऊ लागल्या की खाली दोघांनी आपणहून पंखा मोठा केला.

काकांनी स्वतः सायकल मारत जाऊन दुकानातून खरं पॅकिंग आणलं, काळं, डिझेल सोसणारं. बसवताना स्क्रू सगळे सारखे आवळले, एकेक थोडा, समोरासमोरचे, म्हणजे झाकण कुठे तिरकं बसायला नको. टाकी वर चढली, पट्टे लागले. वरून एकही मत न येता एवढं काम झाल्याचं त्यांच्या आठवणीत दुसरं उदाहरण नव्हतं.

पण बरी झाली असं या वेळी त्यांनी जाहीर केलं नाही. “घरी बघू,” एवढंच म्हणाले.

दुपारी चौघेजण पिकअपमधून अण्णांच्या घरी गेले. वाटेत टाकी गळ्यापर्यंत भरली. गाडी चढावर तोंड वर करून लावली, चाकांना दगड लावले आणि चौघे फुटपाथवर रांगेने बसून खाली बघू लागले. वहिनींनी चहा केला. दगड कोरडे, रस्ता कोरडा, चाक कोरडं. सावल्या लांब झाल्या तरी कुणी उठेना. काकू मध्येच नाक पुढे करून हुंगायच्या आणि मान हलवायच्या, नाही म्हणून. अण्णांच्या पँटला बसून बसून सुरकुत्या पडल्या होत्या, वहिनींना त्या दिसत होत्या, आणि त्या काही बोलत नव्हत्या.

समोरच्या घरातले आजोबा फाटकापाशी आले. बराच वेळ त्यांनी चौघांकडे पाहिलं, मग गाडीखाली पाहिलं, मग पुन्हा चौघांकडे.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” काका त्यांच्याकडे न वळता म्हणाले. “काहीच होत नाहीये, ते बघतोय.”

आजोबा आत गेले, घरातून खुर्ची घेऊन आले आणि त्यांच्या शेजारी बसले.